खाजणासाठी काथ्याची चटई हाताने विणतोय, सल्ला हवा

खाडीकाठची
नमस्कार मंडळी. माझं लहानपण ठाण्याला खाडीजवळ गेलं, गेली अकरा वर्षं बॉस्टनला आहे. इथे शहराला चिकटून खारी दलदल आहे. आपल्या खाजणासारखीच, फक्त तिवरांच्या जागी कमरेएवढं गवत. दिवसातून दोनदा भरती येते, गवत बुडतं, पुन्हा डोकं वर काढतं. या शहराने अशी बरीचशी जमीन भराव टाकून गिळली. बॅक बे हा आजचा महागडा भाग एकेकाळी चिखलाची खाडी होता. उरलेल्यातला सगळ्यात मोठा तुकडा विमानतळापलीकडे आहे, बेल आइल मार्श.

मी दर शनिवारी एका छोट्या ओढ्याच्या काठावर स्वयंसेवक म्हणून जाते. काठ कापला जातोय, गवताची ढेकळं मुळांसकट पाण्यात कोसळतात. तिथे आम्ही काथ्याचे ओंडके लावले होते: साधारण ३० सेंमी जाडीचे, ३ मीटर लांब, लाकडी खुंट्यांनी ठोकलेले. भिजलेला ओंडका उचलायला चार माणसं लागली. त्याचा वास आला आणि मला एकदम आजोळची विहीर आठवली. बिल्ल्यावर देश लिहिला होता, भारत.

पण ओंडक्यावरची जाळी प्लास्टिकची निघाली. हिवाळ्यात बर्फाने ओंडका फाडला, आतला काथ्या वाहून गेला आणि ती जाळी चिखलात पसरून राहिली. एप्रिलमध्ये त्यात एक खेकडा अडकलेला मिळाला. दोन पाय तुटलेले, तरी जिवंत होता. कात्रीने सोडवला. त्या दिवसापासून डोक्यात एकच विचार आहे.

आम्ही नऊ बायका विणकाम-क्रोशे करणाऱ्या आहोत. शुद्ध काथ्याच्या सुंभाची जाळीदार चटई हाताने विणायची, तिच्या भोकांत गवताची रोपं लावायची आणि काठावर अंथरायची असं ठरतंय. जाळीचा डोळा किती ठेवावा? गाठ कुठली मारावी? आणि खरं विचारायचंय ते हे, की याचा खाजणाला काही उपयोग आहे, की फक्त आमच्या हातांना बरं वाटणार?

रानवाटा
वाचतेय. खेकड्याचं वाचून कसंसंच झालं.

सुंभ_पीळ
ताई, मी वेंगुर्ल्याची. आमच्या घरात तीन पिढ्या सुंभ वळलेलं आहे, आता आईचे गुडघे दुखतात म्हणून ती बसून फक्त सूचना देते. तुमचा प्रश्न तिला वाचून दाखवला.

ती म्हणते, आधी काथ्या कुठला ते बघा. कोवळ्या हिरव्या नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात दगड ठेवून महिनोन् महिने कुजवतात, मग काढून बडवतात. तो काथ्या पांढुरका आणि मऊ, दोऱ्याला छान. पिकल्या नारळाचा तपकिरी काथ्या जाड, राठ. हाताला टोचतो, पण पाण्यात दम धरतो. तुम्हाला चटईच्या कडांना आणि मुख्य दोऱ्यांना तपकिरीच हवा.

दुसरं म्हणजे पीळ. दोन पदर एका दिशेने वळायचे आणि मग एकमेकांवर उलट्या दिशेने गुंफायचे. मग ते उलगडायला बघतात तेव्हा एकमेकांनाच आवळतात. विकतचा सुंभ घेतलात तर टोक हातात धरून सोडून बघा. भराभरा उलगडला तर परत करा.

तिसरं, गाठ मारण्याआधी सुंभ रात्रभर भिजत घाला. सुक्या सुंभाला मारलेली गाठ दिसायला घट्ट असते, पाण्यात ढिली पडते. आणि निरगाठच मारा. सरगाठ लाटेने सुटते.

टिवल्याबावल्या
सुंभ जळला तरी पीळ जळत नाही हे ऐकलं होतं. भिजला तरी जात नाही हे आज कळलं :)

भरतीमोज
धागा आवडला, पण थोडं थंड पाणी ओततो. मी किनारी कामांत वीस वर्षं आहे, नवी मुंबईत.

खाजण उभं राहतं ते जमिनीच्या उंचीवर. तुमच्याकडचं ते उंच गवत, स्पार्टिना, साधारण मध्यम पाणीपातळी आणि सरासरी भरतीची रेषा यांच्या मधल्या पट्ट्यात जगतं. त्याच्या खाली लावलंत तर बुडून मरतं, वर लावलंत तर दुसऱ्या वनस्पती त्याला हुसकतात. बॉस्टनला भरती-ओहोटीत सुमारे ३ मीटरचा फरक असतो, पण उतार सपाट असेल तर अर्ध्या फुटाच्या चुकीने अख्खा पट्टा चुकीच्या जागी जातो. तुम्ही पैठणी अंथरलीत तरी उंची चुकली तर काही उगवणार नाही.

तुमच्याच शहरातलं उदाहरण देतो. बॅक बे फेन्स. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड या उद्यानरचनाकाराने १८७० च्या दशकाच्या अखेरीस सांडपाण्याने घाण झालेल्या त्या खाडीसाठी आराखडा केला. उद्यान म्हणून त्याने तिथे खारं खाजणच पुन्हा रचलं. वळणदार पाणी, खारं गवत, भरतीचं पाणी मोजून आत घेणारं दार. शहरात मुद्दाम रचलेल्या खाजणाचं इतकं जुनं उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही. मग १९१० मध्ये चार्ल्स नदीवर धरण झालं, भरती बंद झाली, पाणी गोडं झालं आणि ते सगळं खारं गवत गेलं. नंतर तिथे उंच बोरू माजला. रचना उत्तम होती, हातही कसलेले होते, पण पाणीच गेलं.

म्हणून आधी पातळी मोजा, मग सुया काढा.

खाडीकाठची
@सुंभ_पीळ, आईंना माझा नमस्कार सांगा. भिजवण्याचं कुणीच सांगितलं नव्हतं, आम्ही सुक्यावरच सराव करत होतो आणि बोटं सोलून घेतली.

@भरतीमोज, थंड पाणी घेतलं. फेन्सवरून मी रोज जाते आणि ते एकेकाळी खारं होतं हे माहीत नव्हतं. पातळीचं काम आमच्या गटाच्या समन्वयकांनी केलंय, काठावर रंगीत खुंट्या आहेत. स्थानिक कॉन्झर्व्हेशन कमिशनची परवानगीही त्यांच्या कामाला आहे, आम्ही त्यातच बसतोय. इथे त्याशिवाय दलदलीत साधी काठीसुद्धा रोवता येत नाही.

पण एक सांगा. उंची बरोबर असली तरी काठ कापला जातोच आहे. रोप लावलं की दुसऱ्या भरतीला उपटून जातं. मुळं धरेपर्यंतचे ते दोन-तीन हंगाम कोण सांभाळणार?

भरतीमोज
हा मुद्दा मान्य. तेवढ्या काळापुरतं कापड कामाचं आहे. माझा राग कापडालाच इलाज समजणाऱ्यांवर आहे.

धोटा
इचलकरंजी. घरचे माग होते, आता तांत्रिक कापडाच्या कारखान्यात आहे, म्हणून वस्त्राच्या बाजूने बोलतो.

काथ्याची चटई बाजारात चौरस मीटरच्या वजनावर विकतात: ४००, ७००, ९०० ग्रॅम. वजन वाढतं तशी वीण दाट आणि भोकं लहान. ४०० ची चटई उतारावर बी धरायला ठीक, पण जिथे पाणी येऊन आपटतं तिथे ७०० च्या खाली जाऊ नका. आपल्या कॉयर बोर्डाने याला 'कॉयर भूवस्त्र' असं नाव दिलंय. मला हे नाव फार आवडतं. जमिनीला नेसवलेलं वस्त्र.

काथ्याच का, तर त्यात लिग्निन (धाग्याला राठ करणारा, लवकर न कुजणारा घटक) भरपूर, चाळीस टक्क्यांच्या वर. तागात त्याच्या निम्म्याहूनही कमी, कापसात जवळपास नाहीच. म्हणून कापूस काही महिन्यांत, ताग वर्षभरात जातो, काथ्या दोन ते पाच वर्षं टिकतो. गवताला लागतात तेवढीच.

हाताने विणताना चूक होते ती अशी: ताणा (उभे दोरे) घट्ट आणि बाणा (आडवे दोरे) सैल. वाळूवर अंथरलं की सुंदर दिसतं, लाट आली की बाणा सरकतो, एका बाजूला गोळा होतो, दुसरीकडे हातभर भोक पडतं. म्हणून साधी वीण नको. दोन ताण्यांना प्रत्येक बाण्याभोवती एकमेकांत पीळ द्या, दोरा जागचा हलत नाही. किंवा कोळ्यांच्या जाळ्यासारखी प्रत्येक छेदावर गाठ. वेळ लागेल, पण हाताने विणण्याचा फायदा तिथेच आहे. यंत्राची चटई सगळीकडे सारखी निघते. तुम्ही लाट लागते त्या कडेला डोळा दोन बोटांचा आणि आत चार बोटांचा ठेवू शकता. रोपाची जागा मोकळी सोडून तिच्याभोवती दुहेरी सुंभ फिरवू शकता. काठ वाकडा असेल तर चटईही वाकडी विणता येते. मागावर मला ते जमणार नाही.

रानवाटा
जमिनीला नेसवलेलं वस्त्र. वा!

पोल्डरवाला
नेदरलँड्सहून. इथे हे काम शतकानुशतकं चालत आलंय, फक्त काथ्याऐवजी विलोच्या फांद्यांनी. फांद्यांच्या लांब जुड्या बांधायच्या, त्या उभ्या-आडव्या ठेवून प्रत्येक छेदाला आवळायच्या, मध्ये फांद्यांचा थर, वर पुन्हा तशीच जाळी. 'झिंकस्टुक' म्हणतात. किनाऱ्यावर विणायचं, भरतीवर तरंगत न्यायचं आणि वर दगड टाकून बुडवायचं. तळ वाहून जाऊ नये म्हणून. योहानिस द रेके नावाचा डच अभियंता १८७३ मध्ये जपानला गेला, त्याच्या काळात ही विद्या तिकडच्या नद्यांवरही पोचली.

आणि उत्तरेला वाडेन समुद्रात तर खाजणच असं तयार केलंय. खुंट्यांच्या दोन रांगा, मध्ये फांद्या दाबून भरलेल्या, असे बुटके कुंपणासारखे बांध घालून ४०० मीटरचे चौकोन आखलेत. पाणी आत येतं, मंदावतं, गाळ टाकून जातं. माणूस जमीन करत नाही, फक्त पाण्याला जरा थांब म्हणतो.

माझा एक आक्षेप आहे. केरळातून किंवा श्रीलंकेतून काथ्या जहाजाने बॉस्टनला नेण्यापेक्षा तिथलं झाड का वापरत नाही?

खाडीकाठची
@पोल्डरवाला, आक्षेप बरोबर आहे. गटात यावर बरीच चर्चा झाली. स्थानिक फांद्यांच्या जुड्या आम्ही समोरच्या बाजूला लाट मोडायला लावणार आहोत. पण ओल्या चिखलावर अंथरून वरून रोप लावता येईल असं मऊ आणि तरी टिकणारं इथे काही मिळालं नाही. शिवाय, मनातलं सांगते, त्या चिखलात कोकणातलं काहीतरी असणं मला हवंसं वाटतं.

ईस्ट बॉस्टनच्या पाण्यात तरंगत्या गोल गाद्यांचाही प्रयोग झालाय, 'एमरल्ड टूटू' नावाचा. नैसर्गिक धाग्यांत भरलेल्या गाद्या, वर खाजणाचं गवत, सगळ्या एकमेकींना बांधलेल्या, म्हणजे लाट किनाऱ्याला लागण्याआधीच थकेल. आमचं काम त्यामानाने अगदी घरगुती आहे.

शेणसडा
चटईत थोडं शेणखत किंवा लोकरीचा चुरा विणून टाका. गवत जोमाने येईल. माझ्या गच्चीतल्या बागेचा अनुभव.

मुळाक्षर
@शेणसडा, कृपया नको! वनस्पतीशास्त्र शिकवते म्हणून हे तळमळीने सांगते. बागेत चालतं ते खाजणात उलटं पडतं. मॅसॅच्युसेट्समध्येच, प्लम आयलंडच्या खाडीत, नऊ वर्षं ओहोळांत मुद्दाम खतद्रव्यं सोडून बघितली. त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. गवत वर हिरवंगार, उंच झालं, पण खाली मुळं कमी झाली. अन्न आयतं मिळालं तर मुळं कशाला पसरायची? मग काठ फाटून ओहोळात कोसळले. शहरांच्या सांडपाण्यातून नायट्रोजन आधीच इतका येतो, त्यात आपण भर घालायची नाही. चटईला उपाशीच ठेवा.

शेणसडा
बापरे. सूचना मागे घेतो. मुळांचं असं असतं हे पहिल्यांदाच कळलं, धन्यवाद.

बाहेरकाठा
अलिबागजवळच्या खारेपाटातला आहे. आमचा धागा उलट्या टोकाचा, कारण आमच्या पूर्वजांनी खाजण अडवून भातशेती केली. पण हात तेच. समुद्राच्या बाजूचा बांध म्हणजे बाहेरकाठा, पाणी सोडायला उघाडी. उधाणात बांध फुटला की खांड पडते, आणि ती पुढच्या उधाणाआधी बुजवावी लागते, नाहीतर खारं पाणी शेतात शिरून दोन-तीन वर्षं पीक नाही.

त्यासाठी 'जोळ' असायची. प्रत्येक घरातून माणूस, कुणाचीही सबब नाही. आजोबा सांगायचे, काठ्या रोवून त्यात पेंढा गुंफायचा आणि चिखलाचे गोळे हातोहात पुढे. पेंढ्याशिवाय नुसता चिखल थांबत नसे.

हे सांगायचं कारण, खाडीकाठचीताई, तुम्ही फक्त अंथरायचा दिवस ठरवलाय. बांध टिकायचा तो दर उधाणानंतर कुणीतरी चालत जाऊन बघायचं म्हणून. अमावस्या-पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवस उधाणाची भरती जोरात असते. काम भांगाच्या, म्हणजे भरती कमी असते त्या दिवसांत करा आणि पहिल्या उधाणानंतर लगेच बघायला जा. खुंटी सैल झालेली तेव्हाच दिसते.

चिमणचारा
तुमच्या खाजणात एक पक्षी आहे, त्याची आठवण ठेवा. सॉल्टमार्श स्पॅरो. जगात फक्त अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर घरटं करतो, आणि संख्या वर्षाला सुमारे ९ टक्क्यांनी घसरत आलीय. मादी उंचावरच्या बारीक गवतात वाटी विणते आणि वरची जिवंत पाती ओढून छत करते. उधाणाचं पाणी घरट्यात शिरलं की अंडी तरंगतात, छतामुळे बाहेर वाहून जात नाहीत, पाणी उतरल्यावर पुन्हा वाटीत बसतात. महिन्यातल्या सगळ्यात मोठ्या उधाणानंतर लगेच घरटं सुरू करायचं आणि पुढच्या तशाच मोठ्या उधाणाआधी पिल्लं चढण्याइतकी मोठी करायची. साडेतीन-चार आठवडे मिळतात. समुद्र वर येतोय तसे तेही कमी पडतायत.

म्हणून मे ते ऑगस्ट वरच्या गवतात पाय ठेवू नका आणि तिथे चटई अजिबात अंथरू नका.

तिवरमित्र
मुंबईकर म्हणून एक जोडतो. आपल्याकडे चिखल दिसला की तिवर लावायचा उत्साह येतो. उघडा चिखलपट्टा ओसाड नसतो. ठाणे खाडीचं रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं, ते त्या चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांमुळे. तिथे झाडं भरली तर रोहित उतरणार कुठे? तुमच्याकडेही काठाखालचा चिखल मोकळा राहू द्या. जिथे आधी गवत होतं आणि गेलं, तेवढंच भरा.

अवांतर: भरतीच्या वरच्या अंगाला आपल्याकडे मोरस उगवते, तिची भाजी कुणी खाल्लीय का? मीठ घालावं लागत नाही.

सुंभ_पीळ
अवांतराला उत्तर: हो! आधी उकळून पाणी फेकायचं, नाहीतर खारट जहर होते.

टिवल्याबावल्या
मोरसच्या भाजीसाठी नवीन धागा काढा हो, इथे काकू चटई विणतायत :)

खाडीकाठची
(सव्वा वर्षाने धागा वर काढतेय, माफ करा.)

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये भांगाच्या दिवसांत १४ चटया अंथरल्या, प्रत्येक दीड मीटर लांब. कडेला दोन बोटांचा डोळा, आत चार बोटांचा, प्रत्येक छेदावर निरगाठ, सुंभ भिजवूनच. खुंट्या ओकच्या. वरच्या गवतात गेलो नाही. चटईतल्या मोकळ्या जागांत फूटभर अंतराने रोपं. उधाणानंतर बघायला जायची पाळी लावली आणि तिला आम्ही 'जोळ' म्हणतो. आठ अमेरिकन बायका आता हा शब्द 'ळ' सकट म्हणतात.

तीन चटया गेल्या. दोन पहिल्याच उधाणात, कारण तिथे खुंट्या पुरेशा खोल गेल्या नव्हत्या. एक जानेवारीत बर्फाने ओढून नेली. ती काठापासून लांब सापडली, जाळी तशीच, एकही गाठ सुटलेली नव्हती. अकरा जागेवर आहेत. @धोटा, साधी विणलेली एक वेगळी चटई तुलनेसाठी मुद्दाम ठेवली होती, तिचा बाणा तुम्ही म्हणालात तस्साच एका बाजूला गोळा झाला.

@भरतीमोज, सगळ्यात खालच्या रांगेतली रोपं बहुतेक मेली. तिथे खुंटीच्या खाली सरकलो होतो. वरच्या दोन रांगांतून नवे फुटवे आलेत, आणि काही चटईच्या भोकांतून न येता थेट सुंभ फोडून वर आलेत.

मागच्या शनिवारी चिखलात बसून एक गाठ जवळून बघत होते. सुंभ काळा पडलाय, बोटाने दाबला की तुटतो, गाठीच्या आत मात्र अजून तपकिरी आहे. त्या गाठीला नखाएवढं शिनाणं (शिंपल्यातला जीव) चिकटलं होतं, आपल्या शिनाण्यांचा इथला भाऊबंद. त्याने स्वतःचे दोरे काढून एक टोक सुंभाला आणि दुसरं गवताच्या मुळाला बांधलं होतं. मी दोरे मोजले, सात.

मूळ प्रश्न मी विचारला होता की याचा उपयोग आहे का. अकरा चटयांएवढ्या काठावर आहे. पुढच्या वर्षी वीस करणार आहोत. कुणी वेंगुर्ल्याहून तपकिरी सुंभ पाठवू शकेल का? विकतचा हातात धरला की उलगडतो.

सुंभ_पीळ
पाठवते. आईला तुमचा गाठीचा फोटो मोठा करून दाखवला. ती म्हणाली, गाठ बरोबर आहे, पण शेपूट फार लांब सोडलीय, तेवढ्यात अजून एक गाठ झाली असती.